एक आजार हवा, एक मृत्यू हवा

ता. ९ जानेवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. सकाळी इस्पितळाच्या लॅबमध्ये काचपट्ट्या धुते आणि दुपारी रसायनशास्त्राच्या वर्गात बसते. सगळी मुलं माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर वर्ग उठून उभा राहिला, त्यांना वाटलं नव्या बाईच आल्या! आता मला ‘आजी’ म्हणतात.

पदवीला एक्केचाळीस टक्के मिळवले त्याचीच ही फळं. वैद्यकीय महाविद्यालयाचा नियम तुला ठाऊक आहे: तीन विषयांची परीक्षा पुन्हा द्यायची, नवे गुण जोडून अर्ज करायचा, आणि असा अर्ज दोनदाच करता येतो. गेल्या वर्षीचा परत आला, त्यामुळे हा शेवटचा. यंदा नाही तर कधीच नाही.

अर्जाची नक्कल सोबत आहे. त्यात एक रकाना आहे, ‘पूर्वीचे गुण कमी असल्यास कारण’. मी लिहिलंय, ‘अभ्यास केला नाही.’ तू शुद्धलेखन तेवढं बघ. फक्त शुद्धलेखन, मामा.

मामीला नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी भाची


ता. १८ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावून बसलो. अगं, हे कारण आहे की कबुलीजबाब? चाळीस वर्षं मी कचेरीच्या दाराशी टाईपरायटर घेऊन बसतोय. नळजोडणीपासून बदलीपर्यंत हजारो अर्ज या हातातून गेले. अर्जात एक आजार हवा आणि एक मृत्यू हवा, त्याशिवाय साहेब दुसरं पान उलटत नाही. एका गृहस्थाला मी नळासाठी तीन आत्या दिल्या आणि तिन्ही एकाच उन्हाळ्यात नेल्या. बिचाऱ्याला एकही आत्या नव्हती. पण पाणी आलं ना!

तुला सौम्य कावीळ देऊ का? तुझी मामी म्हणते, पोर खरं लिहितेय तर लिहू दे. तिला काय कळतंय! शाळेत कवायत शिकवणारी बाई, शिट्टी वाजवली की जग सरळ रांगेत उभं राहतं असं तिला वाटतं. तुझी आई बदल्यांच्या नोकरीत गावोगाव फिरली आणि तू आमच्या घरात वाढलीस. तेव्हा तुझ्या अर्जावर माझा काही हक्क आहे की नाही? विचार कर आणि लगेच कळव.

तब्येत सांभाळ. कावीळ द्यायची असली तरी सांभाळ.

तुझा मामा


ता. ३ मे

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला! रसायन चौऱ्याऐंशी, भौतिक एकोणऐंशी, जीवशास्त्र एक्याण्णव. गुणपत्रिका तीनदा उलटून पाहिली, मागे दुसऱ्या कुणाचं नाव नाही. वर्गातल्या पोरांनी आजी पास झाली म्हणून नुसता धिंगाणा घातला.

अर्ज मीच टपालात टाकला, होता तसाच. कावीळ नको, आत्या नकोत. मुलाखत एकवीस जूनला आहे. मामी सोबत येते म्हणाली होती, तिला नक्की पाठव. ती जवळ असली की मला धीर येतो.

आशीर्वाद पाठव, मजकूर पाठवू नकोस.

तुझी भाची


ता. ११ मे

चि. भिंगरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एक्याण्णव! मी शेजारच्या दाताच्या डॉक्टरला आत जाऊन सांगितलं. त्याच्यापुढे तोंड उघडून बसलेल्या पेशंटनेही हात वर करून अभिनंदन केलं.

आता एक बारीकशी गोष्ट. मामीला मुलाखतीला नेऊ नकोस. प्रवास लांबचा आणि तिथली बाकं फार कडक असतात. दुसरं म्हणजे, महाविद्यालयाला मी परस्पर एक छोटंसं पुरवणीपत्र पाठवलंय. त्यात काय आहे ते तुला कळलं नाही तरी चालेल. कुणी गंभीर चेहऱ्याने काही बोललंच, तर मान खाली घालायची आणि गप्प बसायचं.

काळजी करू नकोस, मी करतोय.

तुझा मामा


ता. २२ जून

मामा,

नमस्कार रीतीपुरता. बाकी सगळा राग आहे.

लांबलचक टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधल्या सर्जनबाईंनी माझी फाइल उघडली, चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या की, ऐन पदवी परीक्षेच्या महिन्यात तुझ्या मामींचं निधन झालं, आम्हा सर्वांना वाईट वाटतं. मामी दाराबाहेर बाकावर बसली होती, मामा! तुझं ऐकेल तर ती मामी कसली.

खरं सांगू? क्षणभर मी मान खाली घातलीही. शेवटचा अर्ज, बाई हळव्या झालेल्या, आणखी थोडा वेळ गप्प राहिले असते तर काम झालं असतं. पण मला ते होईना. मी सांगून टाकलं की मामी जिवंत आहे, बाहेरच बसलीय, आणि ते पत्र मामाचं आहे, मी पाहिलेलंही नाही.

त्यांनी मामीला आत बोलावलं आणि पत्र वाचायला दिलं. तिने ते कवायतीच्या आवाजात पहिल्या ओळीपासून वाचलं. आपण गेलो हे तिने न अडखळता ऐकवलं. पण ‘दीर्घ अशक्तपणाने’ या शब्दांवर ती भडकली. अशक्तपणा? मला? असं म्हणत तिने खुर्ची एका हाताने उचलून दाखवली. कडेच्या परीक्षकांना ठसका लागला.

सर्जनबाई मात्र हसल्या नाहीत. मग खरं कारण काय, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला समजत नाही हे सांगायची लाज वाटायची. तीन वर्षं मागच्या बाकावर बसून मैत्रिणीची वही उतरवली. आता काय बदललं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ज्यांनी आधीच आजी म्हटलंय त्यांच्यापुढे लाज कसली? आता समजेपर्यंत विचारते. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

प्रवेश गेला तर तुझ्यामुळे गेला. सहा महिने जीव तोडून अभ्यास केला होता रे मी.

तुझीच (इलाज नाही) भाची


ता. ३० जून

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

तुझा मामा आठ दिवस कचेरीकडे फिरकलेला नाही. लोक अर्ज घेऊन घरी येतात, तर हा मागच्या दाराने निघून जातो. जेवतो, ताट उचलतो, भिंतीकडे तोंड करून निजतो. त्याने माझ्या मरणाची तारीख कोणती घातली होती ठाऊक आहे? शाळेच्या क्रीडादिनाची! त्या दिवशी मी शिक्षकांच्या शर्यतीत दुसरी आले होते.

तुझा राग तुझ्याकडे राहू दे, पण त्याला चार ओळी लिही. आणि जेवण वेळेवर कर.

तुझी (ठणठणीत) मामी


ता. १५ जुलै

चि. भिंगरी हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पाकीट इथल्या पत्त्यावर आलं. माझा हात धजला नाही, मामीने फोडलं. तुला प्रवेश मिळाला! खाली शेरा आहे, ‘पुरवणीपत्र विचारात घेतलेले नाही.’ चाळीस वर्षांत माझा कागद फेटाळला गेला म्हणून मी असा कधी नाचलो नव्हतो.

तू चार ओळी लिहिल्यास, त्याही रागाच्या, तरी बरं वाटलं. आता माझं ऐक. आजवर लोकांचे कितीतरी नातेवाईक मी चहा पीत मारले. त्या दिवशी तुझ्या मामीचं निधन टाईप केलं आणि हात थांबला. उठून मागे गेलो. ती दोरीवर चादरी वाळत घालत होती. मी उगाच तिच्या हातात चिमटे देत उभा राहिलो. काय हवंय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ती पुन्हा खेकसेपर्यंत तिथून हललो नाही. तेव्हाच तो कागद फाडायला हवा होता. पण तुझा शेवटचा अर्ज डोळ्यांसमोर होता, आणि सरळ खरं लिहून कुणाचं काम होतं यावर माझा विश्वासच नव्हता. चुकलो, पोरी.

हे तिला अजून सांगितलेलं नाही. पत्र टाकायला ती चालली आहे, ती परत आली की सांगणार आहे.

डॉक्टर हो, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझा मामा

ता. क. पाकीट मी चिकटवलं, वाचून. घरी गेले की पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवणार आहे. डोळे पुसून जाते, नाहीतर त्याला कळेल. — मामी