तागडीतली दीड भाकरी

ठाणे, १९५१. बुधवार, संध्याकाळ.

राग अजून उतरलेला नाही. मुलं काय खातात याच्या पाहणीसाठी आज, आधी कळवून, तागडी घेऊन खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या वस्तीत गेले होते. पाच वर्षांच्या सखूच्या ताटातलं जेवण तोललं. दीड भाकरी! बरं वाटलं. मग सहज विचारलं, "रोज एवढं खातेस?"

"नाय. आज तू आलीस म्हनून आयनं तिची भाकर मना दिली."

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिच्यापुढे ताटच नव्हतं. मला ते आधी दिसलं कसं नाही?

कचेरीत डॉक्टरसाहेबांना म्हटलं, हा आकडा खोटा आहे, न कळवता पुन्हा जायला हवं. तर म्हणतात, "बाई, तागडी खोटं बोलत नाही. दीड लिहा." दीड भाकरी! म्हणजे कागदावर सखूचं पोट भरलं, आणि तिची आई उपाशी राहिली ते कुठल्याच रकान्यात नाही.

आणि मी? मुकाट्याने लिहिलं, खाली सहीसुद्धा केली. साहेबांपेक्षा माझाच संताप येतोय. उद्या कचेरी उघडली की तो आकडा खोडणार आहे, त्यांच्यासमोर.