हाताला पेलेल असे यंत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कुणी दबाव आणलेला नाही. माझा उजवा हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडे आले आहे. त्यावरून डोक्याविषयी अंदाज बांधू नये.

याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात माझ्या सुनेचा उल्लेख ‘मुलाची पत्नी’ असा होता. तीन वर्षांपूर्वी दोघांचा घटस्फोट झाला. वकील म्हणाले, आता तिला सून म्हणता येणार नाही. या कागदात मी म्हणणार आहे. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तेवढ्यावरून कायद्याला ती ओळखू येईल.

कलम १. राहते घर मुलगा आणि सून यांना निम्मे निम्मे द्यावे. बँकेतल्या ठेवी मुलाच्या.

हे कलम मी मुलाला आधीच वाचून दाखवले आहे. तो म्हणाला, “आई, ती आता आपली कोण?”

मी म्हटले, “तुझी कुणी नसेल. माझं मी बघते.”

तो पाय आपटत गेला. त्याच्याविषयी मला राग नाही असे लिहिले, तर मृत्युपत्रात खोटे लिहिल्यासारखे होईल. पण राग आहे तो पोटच्या पोरावरचा. वाटणीत तो धरू नये.

कलम २. घराची दुसरी किल्ली सुनेकडेच राहावी. घटस्फोटानंतर ती किल्ली परत द्यायला आली होती. दारातच उभी होती, आत यावे की नाही ते तिला कळेना. मी म्हटले, “ही किल्ली माझ्या दाराची आहे. माझ्या मुलाची नाही.” ती आत आली. माझ्या चष्म्याची काडी ढिली झाली होती, ती तिने घट्ट करून दिली. जाताना विचारले, “आता तुम्हाला काय म्हणू?”

“आई म्हणायची सवय लागली असेल तर मोडू नकोस.”

तेव्हापासून ती दर गुरुवारी येते.

कलम ३. लॅबच्या मालकांना काहीही देऊ नये. एकतीस वर्षे माझ्या हातच्या कवळ्या त्यांनी ‘आमचं खास काम’ म्हणून खपवल्या. माझ्या निवृत्तीच्या दिवशी भाषणात मला ‘मदतनीस’ म्हणाले. बातमी मात्र जरूर कळवावी. ते आले तर चहा द्यावा.

कलम ४. लाकडी बुद्धिबळाचा संच मुलाला द्यावा. लहानपणी तो माझ्याकडून रोज हरायचा आणि रोज पट मांडायचा. हा संच मी निवृत्तीनंतर स्वतः कोरायला घेतला. तो पूर्ण नाही, एकोणीसच मोहरे झाले आहेत. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बसेल असे घडवले. मग वाटले, आता कुणाच्या तोंडात बसवायचे नाही असे काहीतरी घडवावे. घोड्याला दात मात्र मी कोरलेच. राहवले नाही.

कलम ५. कोरायचे छोटे फिरते यंत्र. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

पहिले चौदा मोहरे मी साध्या चाकूने आणि कानशीने केले. मग हात थरथरायला लागला. चाकू निसटून अंगठ्यात गेला, ती जखम मी ‘डबा उघडताना लागलं’ म्हणून खपवली. मुलाला खरे कळते तर त्याने चाकू, कानस, लाकूड सगळे उचलून नेले असते. माझ्या मनात आले, लॅबमध्ये होते तसे हातात धरायचे यंत्र असेल तर जोर करावा लागणार नाही. सुनेला म्हटले, “गुरुवारी बाजारात येशील का? एक यंत्र बघायचंय.” हाताचे सांगितले नाही.

दुकानदाराने मला बघून विचारले, “आजी, नातवासाठी का?”

“नातू नाही. मला हवंय.”

त्याने सर्वांत मोठे काढले. “हे घ्या. मिनिटाला पस्तीस हजार फेरे. याच्यावर काही नाही.”

सुनेने विचारले, “आणि कमीत कमी किती?”

तो खोका उलटसुलट करून बघायला लागला. त्याला कुणी तसे विचारले नसावे. वेग कमी करता आला नाही तर लाकूड जळते, हे त्याला माहीत नव्हते. आम्हा दोघींना होते. त्याने दुसरे दिले, बॅटरीवर चालणारे. वायरची कटकट नाही, पण सगळे वजन शेपटाकडे. मी ते धरले आणि टोक हलायला लागले. मी झटकन हात पर्सच्या पट्ट्यात अडकवला.

सुनेने ते यंत्र माझ्या हातातून घेतले, दोन मिनिटे चालू ठेवले आणि परत दिले. “दादा, माझा हात भरून येतो हो. दिवसभर काचा घासून मनगट गेलंय माझं. हलकं काही दाखवा. खोका नको, चालू करून हातात द्या.”

तेव्हा त्याने माळ्यावरून तिसरे काढले. त्याची मोटर वेगळी, ती वर टांगायची. तिच्यातून लवचीक नळी येते आणि हातात राहते ती फक्त पेन्सिलीएवढी दांडी. वेग पायाने कमीजास्त करायचा. मी मनगट टेबलावर टेकवले, दांडी धरली. टोक स्थिर राहिले. दुकानात कुणाला सांगता येणार नव्हते, पण मला रडू आले होते.

बसस्टॉपवर मी विचारले, “तुझं मनगट कधीपासून दुखतंय?”

“कुठे दुखतंय?”

“मग तुला कधी कळलं?”

“आंधळी नाही आई मी. गेल्या थंडीपासून तुमच्या हातात कपबशी वाजतेय.”

मुलाला हाताचे शेवटी मीच सांगितले.  तिसऱ्या दिवशी तो ड्रिल घेऊन आला, मागच्या खोलीत मोटरसाठी हुक ठोकला, त्याला स्वतः लोंबकळून पाहिले आणि म्हणाला, “पडणार नाही. गॉगल घालत जा.” त्यानंतरचे पाच मोहरे या यंत्रावर झाले.

तर हे यंत्र, पायाचे पेडल आणि टोकांची डबी माझ्या पश्चात सुनेला द्यावी, असे मी या कलमात लिहिले होते. काल, गुरुवारी, तिला वाचून दाखवले. तिने कागद खाली ठेवला.

“तुमच्या पश्चात मला नको. तेव्हा शिकवणार कोण?”

 तिने खुर्ची ओढली, दांडी हातात घेतली आणि म्हणाली, “उंट कुठून कोरायला घेतात?”

सबब कलम ५ मधील यंत्र मी कालच, जिवंतपणी, स्वतःच्या हाताने दिले आहे. ते माझ्या मालमत्तेत धरू नये. उंट बिघडला आहे. पुढच्या गुरुवारी दुसरा घ्यायचा आहे.

ठिकाण: माझी मागची खोली
दिनांक: ९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

सही: माझी, वाकडी

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. लिहिणारी शुद्धीवर आहे, याची खात्री त्यांनी माझ्याशी वाद घालून करून घेतली.
२. खालच्या मजल्यावरचे टेलर. त्यांनी सर्व वाचले, डोळे पुसले, आणि सही चुकून पहिल्या साक्षीदाराच्या जागी केली. ती ग्राह्य धरावी.