माळेवरची शर्यत

कोगनोळी, चैत्र शुद्ध पंचमी

प्रिय धनपाल,

पद्माक्काचे अनेक आशीर्वाद. तिकडं कराचीत गोदीवाल्यांची मोठी शर्यत आहे, एवढं लांब कधी पळालो न्हाय, किती वेळ लागंल सांग आक्का, असं तू विचारलंस. अरे बाबा, तिथं साहेबाच्या हातात घड्याळ असेल की! तरी मलाच विचारलंस, म्हणून पत्र वाचून मी लई रडले.

आठवतं ना? घरात घड्याळ कुठलं! तू मळ्यापासून बस्तीपर्यंत, आपल्या जैन देवळापर्यंत, पळायचास आणि मी बस्तीच्या पायरीवर णमोकार म्हणत जपमाळ ओढायचे. एक माळ सरली की तू हजर. आई ओरडायची, देवाचं नाव काय भावाचे पाय मोजायला हाय व्हय गं! जाऊन येऊन पळालास की दोन माळा व्हायला हव्यात, पण लागायच्या सव्वादोन. दम सरतो ना. निपाणीच्या उरुसातली शर्यत त्याच्याही दुप्पट, म्हणून मी पाच माळा सांगितल्या. भरल्या सहा! पहिला येऊनही माझी बोलणी खाल्लीस. मागाहून कळलं, तू बरोबरच पळालास. घाबरून मीच मंत्र भरभर म्हटले होते.

तर अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट कर आणि त्यावर आठवा हिस्सा चढव. सुरुवातीलाच उधळू नकोस.

आई गेल्यापासून या घरात मी एकटी विधवा बाई. दिवस मावळायच्या आत जेवून घेते. मग करायला काहीच उरत नाही. परवा तोच हिशेब तुझ्या येण्याला लावला. चिकोडीला शिकत होतास तेव्हा दर शनिवारी यायचास. बेळगावला नोकरी लागली, मग फक्त दिवाळीला. कराचीला जाऊन तिसरं वर्ष चाललंय. या हिशेबाने तू येशील तेव्हा दार उघडायला मी नसेन रे.

तुझ्या बाबतीत माझा अंदाज खरा चुकला तो एकदाच. आई शेवटच्या घटका मोजत होती, तू निपाणीच्या बाजारात. सांगावा धाडून मी माळ धरली, आणि जेवढ्या माळा लागतील असं धरलं होतं त्याच्या कितीतरी आधी तू उंबऱ्यात उभा, अनवाणी. या वेळी कुणी आजारी न्हाय. मला नुसतं लई एकटं वाटतंय. तेवढ्यासाठी तू तसा पळत येशील का, याचा अंदाज मला काही केल्या बांधता येईना, म्हणून हे पत्र.

तुझीच,
पद्माक्का