जबाबदार : कोणी नाही

सोमवार, ३ जून
नवी नोकरी, नवी वही. तिसरा मजला, मोठी खिडकी, न करकरणारी खुर्ची. घटस्फोटानंतर दोन वर्षं घरी बसून अंगाला जी कीड लागली होती, ती आज पहिल्यांदा झटकल्यासारखी वाटली. काम मनासारखं आहे. कंपनीतल्या प्रोग्रामरांसाठी एक अंतर्गत पोर्टल उभं करायचं. कोणता प्रोग्राम कशासाठी आहे, बंद पडला तर कुणाला फोन करायचा, हे आजवर ज्याच्या त्याच्या डोक्यात होतं. आता प्रत्येक प्रोग्रामचं एक कार्ड : नाव, उपयोग, आणि शेवटी ‘जबाबदार’ असा रकाना. साहेब स्वभावाने बरे वाटले.

गुरुवार, ६ जून
सर्व्हर लागला, लॉगिन चालू झालं, एकशे बारा कार्डं भरली. टेबलाटेबलावर फिरून विचारत होते, हे कुणाचं? सगळ्यांनी काखा वर केल्या. खिडकीजवळचा दाढीवाला म्हणाला, चांगलं चाललं की सगळ्यांचं, बिघडलं की तुमचं. आम्ही सगळेच फार हसलो. अकरा कार्डांना शेवटपर्यंत कुणी वाली मिळाला नाही. मीच नियम सुचवला : सात दिवसांत कुणी नाव लावलं नाही, तर सकाळी नऊला कार्डासकट तो प्रोग्राम काढून टाकायचा. साहेब खूश. त्यांनी एक भर घातली : जबाबदारी घ्यायची तर आधीच्या जबाबदार माणसाची मंजुरी हवी.

शुक्रवार, १४ जून
अकराही गेले. कुणाचं काही अडलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.
संध्याकाळी ताईचा फोन. आईला उठवणं, बसवणं, औषधं, तिच्या एकटीने होत नाही म्हणे. मी म्हटलं, आत्ता कुठे नोकरी लागलीय. ती म्हणाली, तुझं नेहमीच आत्ता कुठे काहीतरी लागलेलं असतं. मी फोन ठेवला.

बुधवार, १९ जून
पोर्टलवर मी न भरलेलं एक कार्ड. नाव : खिडकीजवळचा दाढीवाला. उपयोग : ‘चहा बशीत ओतून पितो. नव्या माणसाला हसवतो.’ जबाबदार : कोणी नाही. कुणीतरी चेष्टा केली असणार. त्याला दाखवलं, तर तो सगळ्यांना हात जोडत हिंडला, घ्या हो मला कुणीतरी पदरात. नको रे बाबा, तुला कोण सांभाळणार, म्हणत सगळे हसले. मीही.

बुधवार, २६ जून
खिडकीजवळ प्रिंटर आहे. तिथे कोण बसायचं असं विचारलं, तर साहेब म्हणाले, प्रिंटर पहिल्यापासून तिथेच आहे.
खरी भीती वेगळीच. मलाही तो दाढीवाला आठवत नाही. ही वही चाळताना कळलं. अक्षर माझं आहे. चेहरा येत नाही.
पोर्टलच्या नोंदीत एकच ओळ : सकाळी नऊ, नियमानुसार काढले.

गुरुवार, २७ जून
नियम बंद केला. आपोआप चालू झाला. सर्व्हरची वायर उपसली, तरी पान उघडतंय. साहेबांना दाखवलं. त्यांना फक्त प्रोग्राम दिसतात. म्हणाले, दोन दिवस रजा घ्या.

सोमवार, १ जुलै
नाव : आई. उपयोग : ‘आता काही नाही. रविवारी धाकटीच्या फोनची वाट बघते.’ आधी जबाबदार : ताई. आता : कोणी नाही.
ताईला फोन केला. काल वैतागून ती आईच्या तोंडावर म्हणाली होती, माझी जबाबदारी संपली. मी म्हटलं, शब्द मागे घे. ती म्हणाली, तू घे ना मग. एकदा तरी घे.
नाव टाइप केलं. बटण दाबलं नाही. एकदा नाव पडलं की पडलं. आणि ताई जिंकली.

शुक्रवार, ५ जुलै
अजून दाबलं नाही. दाढीवाला कदाचित मीच रचला असेन. पुरावा काय, ही वही? ताई घेईल शब्द मागे. नेहमी तीच घेते —
आईशी बोलले. चार मिनिटं. जेवलीस का विचारत होती. कामात आहे म्हटलं.

सोमवार, ८ जुलै
८.५१ — ताईने नाव लावलेलं नाही. दाबलं. दाबलं मी.
‘विनंती मंजुरीसाठी ताईकडे पाठवली आहे.’
८.५४ — ताई फोन उचलत नाही. माझं नाव बघून उचलत नाही. मी तिचे किती फोन —
८.५७ — सहावा फोन. मेसेज केला. उघड ना गं, नुसतं हो म्हण —
८.५९ — लिहून ठेवते. आई. उंची माझ्या खांद्याएवढी. शिंकली की स्वतःलाच हसते. मला हाक मारताना —

९.०४ — ताईचा फोन आला. किती वर्षांनी आवाज इतका मोकळा. अगं, सहा-सहा फोन, काय झालं? म्हटलं — काहीतरी महत्त्वाचं होतं. ती हसली. म्हणाली, आज कसं हलकं वाटतंय, कारणच कळत नाही. मलाही वाटतंय —
वर माझंच अक्षर आहे. कुणीतरी खांद्याएवढं. शिंकणारं. ताईला वाचून दाखवलं. ती हळूच म्हणाली, हे कोण गं, आणि मला रडू का —
आम्ही दोघी रडतोय. कशासाठी ते दोघींनाही —
ती, खांद्याएवढी, मला हाक मारायची. नावाने नाही, दुसरंच काहीतरी, दोन अक्षरी, शेवटचं लांबवून —