उकंडा पुन्हा मरायला तयार नाही

मु. बोरी अरब, ता. दारव्हा
१२ मार्च १९६१

आदरणीय बाबारावदादा यांस धाकट्या धर्मपालचा जय भीम.

(हात सवयीनं आधी ‘तीर्थरूप’ लिहून गेला. आता आपल्याला तीर्थाचं काय कारण, म्हणून खोडलं. वर शाईचा डाग पडला आहे तो त्याचा, रागाचा नव्हे.) वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला यवतमाळची हवा मानतो की अजून तसाच? दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या अंगणातून जेवता जेवता उठून गेलात, त्यानंतर तुमचं कार्डही नाही. म्हणून सगळे खुशाल असाल असं आम्हीच ठरवून टाकलं आहे. इकडे तूर घरात आली. आई बरी आहे. मी नाव बदलल्याला चार वर्षं झाली, तरी ती धोंड्याच म्हणते, आणि विहारात कोणी धर्मपाल म्हणून हाक मारली की तीही कोण आलं म्हणून मागं वळून पाहते.

पत्रास कारण की मी अडलो आहे. वैशाखी पौर्णिमेला सात आठवडे राहिले. मंडळाच्या लोकांनी शाळेच्या भिंतीवर गेरूनं ‘धर्मपाल गुरुजींचे नवे नाटक’ असं लिहूनसुद्धा टाकलं. भिंत झाली, नाटक नाही. शाळा सुटली की मी निंबाखाली वही घेऊन बसतो, ‘अंक पहिला’ लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. रेघा सुरेख येतात. दहा महिन्यांत वहीत नऊ ‘अंक पहिले’ जमले आहेत. दादा, खरं सांगतो, मला भीती वाटते. माझ्यात एकच नाटक होतं आणि ते संपलं, असं तर झालं नसेल?

सल्ले मात्र भरपूर मिळतात. हेडमास्तर म्हणतात, संडासाच्या उपयोगावर लिहा (त्यांना तालुक्याहून परिपत्रक आलं आहे). तांड्यावरचे डोंगरसिंग नाईक म्हणतात, त्यांचे आजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडत, ते लिहा आणि खरे बैल उभे करा. बैल ते देणार. बैल मधेच हंबरला तर काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, तुमच्या नटांपेक्षा कमीच चुकंल. नाटकात बायकांची कामं करणारी जया म्हणते, बायकांना एकदा तरी रडण्यापलीकडचं काम द्या. तिचं बरोबर आहे, म्हणून मी तिला उत्तर दिलं नाही. आणि आमचा मुख्य नट उकंडा म्हणतो, काहीही लिहा, पण मी मरणार नाही. सगळी गाडी इथंच रुतली आहे, कारण गावाला पाहायचं आहे ते उकंडाचं मरणच.

मागच्या वर्षीची हकीकत तुमच्या कानावर आली असेल, तरी मुळातून सांगतो. नाटकातला उकंडा विहीर खोदणारा मजूर होता. तिसऱ्या अंकात दरड कोसळते, तो दोघांना वर ढकलतो आणि स्वतः मरतो. आता खरा उकंडाही वैशाखात विहिरींचा गाळच काढतो. त्या दिवशीही त्यानं दिवसभर गाळ उपसला होता. नाटक रात्रभर चाललं. पहाटे तो मेला, बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या, पडदा पडला, आणि उकंडा उठेना. मेला नव्हता, झोपला होता. हलवला, हाका मारल्या, व्यर्थ. (असं गाढ झोपणं मला कधी साधलं नाही.) शेवटी चौघांनी त्याला बाजेवर घातलं, बाज खांद्यावर घेतली आणि घरी निघाले. ऊन लागू नये म्हणून कोणा शहाण्यानं अंगावर पांढरी चादर टाकली. एवढ्यात दारव्ह्याची पहिली मोटार समोरून गेली, आणि बातमी तिच्यात बसून थेट आर्णीला पोचली.

ज्या घरी मयत होते तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकर-पिठलं आणून देतात, हे तुम्हाला सांगायला नको. नाटकाला न आलेल्या बायकांनी आपापल्या दारातून बाज जाताना पाहिली आणि चुली पेटवल्या. नऊ वाजेपर्यंत उकंडाकडे सात घरचं पिठलं जमलं. त्याची बायको रुखमाबाई प्रत्येकीला सांगत होती की अवो, थे झोपले हायेत. बायका म्हणाल्या, दुःखात माणूस असंच बोलते. आणि तिला जवळ घेऊन आणखी रडल्या.

दुपारी उकंडा जागा झाला. भूक लागली होती, समोर पिठलं होतं, तो दाराआड बसून जेवू लागला. तेवढ्यात आर्णीहून त्याचा थोरला भाऊ डोमाजी आला. शेताच्या धुऱ्या-बांधावरून दोघांचं पाच वर्षं बोलणं बंद होतं. डोमाजीनं अंगणातच बसकण मारली आणि छाती पिटत म्हणाला, “उकंड्या, थो धुरा म्याच सरकवला होता रे. माह्या हातानं.”

आतून उकंडा म्हणाला, “मले ठाऊक हाये. ये, जेवून घे पयले.”

मी दारातच होतो. डोमाजीला मूर्च्छा आली, पाणी मारलं, शुद्धीवर आल्यावर त्यानं भावाला दोन शिव्या दिल्या आणि मग दोघं एका ताटात जेवले. रुखमाबाई हसत होती की रडत होती, कळेना. मात्र त्याच दिवशी तिनं मला बजावलं, यापुढं हे नाटकातसुद्धा मरणार नाहीत. आणि मी घरी येताना एकच विचार करत होतो, की माझ्या तिन्ही अंकांपेक्षा हे चांगलं झालं आणि यातलं एक अक्षरही माझं नाही. त्या दिवसापासून लेखणी चालत नाही. तेव्हा पुढं काय लिहावं, याबद्दल तुमचा विचार कळवावा. वहिनींना जय भीम, मुलांना गोड पापा.

तुमचा
धर्मपाल (पोस्टमनसाठी: धोंडबा)

ता. क. – नाटक कोणतंही झालं तरी त्यात इन्स्पेक्टर असतोच; त्याच्या कामासाठी तुमचा कचेरीतला काळा कोट लागेल. पार्सलनं पाठवावा.

ता. क. दुसरा – पत्र बंद करण्याआधी वही उघडली. दहाव्या ‘अंक पहिला’खाली रेघा न मारता एक ओळ आली: दाराआड एक माणूस जेवत बसला आहे, बाहेरून त्याचा भाऊ रडत येतो. उकंडाला वाचून दाखवली. तो म्हणाला, यात मराचं नाही, नुसतं जेवाचं हाये, मी तयार. जया म्हणाली, रुखमाबाईचं काम मी करते, हसू की रडू ते माझं मी पाहीन.

ता. क. तिसरा – कोट पार्सलनं पाठवू नका. नव्या नाटकात इन्स्पेक्टर नाहीच. त्या दिवशी अंगणात जेवताना तुम्ही म्हणालात, नाटकं लिहून कोणाचं भलं झालं? मी म्हणालो, तुम्हाला कळत नसेल तर तुमच्या घरी जेवा. तुम्ही ताटावरून उठलात आणि मी बसा म्हणालो नाही. चूक माझी होती. हे लिहायला मला चार पानं लागली. पौर्णिमेला या.

ता. क. चौथा – आईला पत्र वाचून दाखवलं. तिचा निरोप जसाच्या तसा: “बाबारावले इचार, असाच येतो का धोंड्याले बाजेवर घालाव लागते?”