लाँड्रीचा थांबा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. पत्र लांबलं त्याला कारण आळस; दुसरं शोधलं, सापडलं नाही. तुझ्या मशीनचा पट्टा पुन्हा तुटला म्हणे. शाळेचे गणवेश शिवून मशीन थकलं, तू मात्र त्याला सुटी देत नाहीस.

आता मुद्द्याचं. तीन आठवडे झाले, माझ्या सकाळच्या बसमध्ये एक जण गिरणीच्या थांब्यावर चढतो आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीपाशी उतरतो. बावीस-तेवीसचा असेल. दुसऱ्याच दिवशी मी त्याला ओळखलं. कोर्टात आईशेजारी मान खाली घालून बसायचा, तोच. तुझ्या थोरल्याला ज्याने भोसकलं, त्याचा हा सख्खा धाकटा भाऊ. नाल्यापलीकडून पळून इथे येऊन लपलाय.

त्याने मला ओळखलेलं नाही. उतरताना रोज काका म्हणून निरोप घेतो. ताई, मी समोरच्या आरशात त्याला बघत राहतो. माझा भाचा मातीत गेला, आणि हा पास काढून खिडकीशी बसतो!

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. पण पोटात ठेववेना. चिमीला आशीर्वाद सांग. तुझी माया आहे तशीच राहू दे, राग आला तरी.

तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे कानउघाडणी म्हणून घे. त्या मुलाबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढू नकोस. चिमीजवळ तर मुळीच नको.

तुला एक सांगितलं नव्हतं. दर बुधवारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत नर्सबाई आम्हा बायकांना बसवतात. नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या, ज्यांच्या घरातलं कुणी मेलंय किंवा तुरुंगात आहे अशा. ती पण येते. त्या दोघा भावांची आई. पहिल्या बुधवारी मी तिला बघून तडक उठून आले होते. दुसऱ्या बुधवारी का गेले, मलाच सांगता येत नाही. थोरल्यानंतर वर्षभरात आणखी चार गेले, दोन इकडचे, दोन तिकडचे. कदाचित म्हणून.

नर्सबाई म्हणतात, हे साथीच्या तापासारखंच आहे. एकावर वार झाला की पुढे कुणाच्या हातात सुरी येणार, हे त्यांना जखमीच्या खाटेभोवती कोण उभं आहे त्यावरून कळतं. त्या माणसाला शिव्या देऊन साथ हटत नाही. पहिले चार दिवस त्याच्याजवळ कुणीतरी बसून राहावं लागतं. मला पटलं. माझा थोरला सुरी घेऊन निघाला, त्याआधी त्याच्याजवळ तसं कुणी बसलं नव्हतं. मी मशीनवर होते.

चिमीची मात्र काळजी वाटते. तिचा थोरला भाऊ गेला त्या दिवशी दवाखान्याची गाडी उशिरा आली, पोलीस त्याहून उशिरा. दारात आधी येऊन उभा राहिला तो मालक. आपल्या काठावरच्या टोळीतले सगळे त्याला मालकच म्हणतात. पोराला त्याच्या माणसांनी खांद्यावर उचलून नेलं, चिमीला त्याने आपल्या दुकानात कामाला लावलं. ती त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. मी तरी काय बोलू? आमच्या गल्लीत हाकेला धावून येणारं दुसरं आहेच कोण?

स्वेटर पाठवलाय, तो घालायचा आहे, गादीखाली ठेवायचा नाही. आठवण ठेव.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. लिहितोय, पण पाया पडायचं तोंड राहिलेलं नाही.

चिमीला मी आधीच सांगून बसलोय. तुला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी, फोनवर. थांबा, बसची वेळ, सगळं. बोलता बोलता निसटलं, असं लिहिणार होतो. तीनदा तसं लिहून कागद फाडला. ती मालकाला सांगेल हे मला कळत होतं. मला तेच हवं होतं.

हे फोनवर तुझा आवाज ऐकत सांगता आलं नसतं. पत्र मिळताच चिमीला विचार. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

धाकटा

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. काल पहाटे फोनवर तुझा आवाज नीट येत नव्हता, पण तिघे निघालेत एवढं कळलं. पोलिसांना कळवायचं डेपोतल्या बाईंवर सोपवलं आणि बस बाहेर काढली.

तो गिरणीपाशी चढला. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ताई, दोन थांबे मी तशीच गाडी चालवली. त्या दोन थांब्यांत माझ्या मनात काय होतं, ते तुलासुद्धा लिहिणार नाही.

लाँड्रीच्या छपराखाली तिघे उभे दिसले. त्यांतला एक त्या दिवशी आपल्या थोरल्याला खांद्यावर उचलून नेणाऱ्यांत होता. माझा पाय ब्रेकवर गेला होता, तो मी काढून घेतला. बस थांबलीच नाही. लोक ओरडायला लागले. तोही पुढे आला, काकुळतीला येऊन सांगायला लागला की उशीर झाला तर काम जाईल. मी त्याला खाली बस म्हणून दरडावलं. तो बसला बिचारा.

डेपोत सगळे उतरल्यावर सांगितलं, मी कुणाचा मामा आहे. त्याला वाटलं, मारायलाच इथवर आणलं. दोन्ही हात डोक्यावर धरून तो दोन सीटच्या मधे आक्रसून बसला. मारणार नाही, हे पटवायला मला बराच वेळ लागला. मग मीही खालीच बसलो. पोलीस आले तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

चार थांबे चुकवले म्हणून साहेबांनी लेखी उत्तर मागितलंय. काय लिहू ते सुचत नाही.

तुझ्या क्षमेची वाट न पाहता, तुझाच,
धाकटा

२३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, या वेळी सगळेच्या सगळे. साहेबांना खरं ते लिही.

तिघांतले दोघे धरले गेले. एक परत आलाय. परवा कुणीतरी आमच्या खिडकीची काच फोडली. चिमी दुकानात जायची थांबली आहे. तिला म्हणे सांगितलं होतं की नुसता दम भरायचाय. तिने ते खरं मानलं की मानायचं ठरवलं, हे मी विचारलेलं नाही. तो मुलगा जिवंत आहे असं सांगितलं तेव्हा मात्र ती उकिडवी बसली आणि हमसून हमसून रडली. गुरुवारी तिला तुझ्याकडे पाठवते. नर्सबाई सोबत येणार आहेत. उपदेश करू नकोस, जवळ बस फक्त.

बुधवारी मी त्या बाईला सांगितलं, तुझा धाकटा सुखरूप आहे, बस माझा भाऊ चालवत होता. मी माफ केलेलं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग तिने विचारलं, माझ्या थोरल्याला घरात कोणत्या नावाने हाक मारायचे. कोर्टात तिने नुसतं कागदावरचं नाव ऐकलं होतं.

मी सांगितलं. तिने ते सावकाश, एकदाच उच्चारलं. वर्षभरात घराबाहेरच्या कुणी त्याला त्या नावाने हाक मारली नव्हती, धाकट्या. मला ते ऐकवेना. आणि तिने पुन्हा एकदा म्हणावं असंही वाटत राहिलं.

जपून चालव. पत्र पाठव.

तुझी,
ताई