शाळा तिलाच

मी, खाली सही करणारी, मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळेची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, डोकं ठिकाणावर आणि नजर चष्म्यासह ठीक असताना, कुणीही भरीस न घालता स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर मुलाला. मागच्या जिन्याचा कठडा हलतो, तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. माझ्या यजमानांचे पाट्या रंगवायचे ब्रशही तिलाच. ती चित्रकला शिकवते, तिच्याकडे ते वाळून पडणार नाहीत.

३. थोरल्या दिरांना काही नाही. यजमान गेले तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "बायकांनी बायकांना गाडी शिकवली की असंच व्हायचं." फारच हटून बसले तर जुन्या गाडीचा हॉर्न द्यावा. तो कारण नसताना वाजतो.

४. शाळा, तिच्या दोन्ही गाड्या आणि गाळ्यावरचा माझा हक्क माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला. ती आज माझ्याच शाळेत शिकवते. तिच्याच गाडीखाली माझे यजमान गेले, म्हणून या कलमाचं कारण लिहिणं भाग आहे.

यजमान शेजारच्या दंतवैद्यांची नवी पाटी काखेत घेऊन चौक ओलांडत होते. ऊन लख्ख, रस्ता सरळ, गाडीचा वेग बेताचा. पाटीला ओरखडाही आला नाही. ती दवाखान्यावर आजही आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यात ती पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी फोनवर फक्त 'निघाले' एवढंच लिहीत होते."

"कुणाला?"

"आईला. ती काळजी करते म्हणून."



त्याच दिवशी मुलगा मला गाडीतून घरी आणत होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन. वडील गेल्याचं एकेका नातेवाइकाला कळवत होता. सिग्नल लाल झालेला त्याला दिसलाच नाही. मी ओरडले तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला. "अगं, लक्ष आहे माझं," म्हणाला. मी दार उघडून उतरले आणि चालत घरी आले. त्याची ती खोड अजून गेलेली नाही. गाडी चालवता चालवता तो मला फोन करतो आणि मी ठेवून देते.

तिला शिक्षा झाली, ती तिने भोगली. सुटून आल्यावर एकदा शाळेच्या दारात उभी. "मॅडम, मला पुन्हा पहिल्यापासून शिकवा." मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली. शेवटी शिकवलं. तिला मी माफ केलं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ते मला जमलेलं नाही. पण मी नव्या मुलांना फोन डिकीत ठेवा म्हटलं, की ती प्रवचन ऐकल्यासारखी माना डोलावतात. ही पोरगी मात्र समोर उभी राहून सांगते, "मी एक शब्द लिहीत होते, तेवढ्यात मॅडमच्या यजमानांचा जीव घेतला." मग कुणाला काही सांगावं लागत नाही. शाळा तिला देण्याचं कारण एवढंच.

५. हे सगळं मी मुलाला वाचून दाखवलं. तो भडकला. "जिने बाबांना मारलं तिला शाळा? लोक तोंडात शेण घालतील, आई."

"मग तू शिकवशील?"

तो उठून चपला शोधू लागला. जाताना उंबरठ्यावर थांबून म्हणाला, "ती पोरांना ते सांगते ना, तेव्हा मी मागे बसलो तर चालेल?"

चालेल, म्हटलं. अजून तो आलेला नाही. माझ्या पश्चात आला, तर त्याच्याकडून फी घेऊ नये.

वरील मजकूर पूर्ण वाचून, दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली. दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलं आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
(सही) दंतवैद्य, शेजारी
(सही) शाळेच्या गाड्यांचे मेकॅनिक

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३